सोळा पिवळी दारं

रंगाचा डबा मी स्वतः निवडला होता. भडक, सूर्यफुलासारखा पिवळा. दुकानदाराने विचारलं, "खोली रंगवतेस का गं?" मी म्हटलं, "नाही, कंपनी." तो हसला. मी नाही हसले, कारण मी खरंच कंपनी रंगवणार होते.

त्या दिवशी मी किती खुशीत होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गेल्या शरद ऋतूपर्यंत मी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी होते. क्रान्य गावातल्या आमच्या शाळेत पोलोना बाई उद्योजकतेचा तास घ्यायला लागल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातली एक वस्तू आणा आणि ती अनोळखी माणसाने का घ्यावी ते सांगा. मी आजोबांच्या मधाची बाटली नेली. खरं तर ती काकडीच्या लोणच्याची बाटली होती, झाकणावर अजून काकडीचं चित्र होतं. मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. आठ मिनिटं! तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. बाई म्हणाल्या, "ब्रिना, तू इतके दिवस होतीस कुठे?"

मलाही तेच वाटलं, मी होते कुठे?

त्यानंतर मला थांबवणं कठीण होतं. हिवाळाभर मी योजना आखली. लोणच्याच्या बाटल्या बंद, सगळ्या बाटल्या एकसारख्या. मधाचं नाव आजीचं, 'मिन्का'. आणि बाईंनी शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकच चेहरा, एकच रंग. गिऱ्हाइकाने रस्त्याच्या पलीकडून बघून ओळखलं पाहिजे. जूनमध्ये राजधानीत, ल्युब्लियानाला, शाळांची स्पर्धा होती, तिथे मी हे सगळं मांडणार होते.

फक्त आजोबांना पटवायचं होतं. आमचं मधमाश्यांचं घर अंगणाच्या टोकाला, ब्लेगोश डोंगराकडे पाठ करून उभं आहे. लाकडी खोली आणि तिच्या एका भिंतीत कपाटाच्या खणांसारख्या रचलेल्या मधमाश्यांच्या पेट्या. माश्यांची दारं बाहेर, उन्हाच्या बाजूला. आम्ही आत उभे राहून मागून पेटी उघडतो.

"आजोबा, बाराच्या चोवीस करू."

"चोवीस? आणि ठेवायच्या कुठे, तुझ्या आईच्या पलंगावर?"

"मग वीस."

"चार वाढवतो."

"चार? चार पेट्यांनी कुणी कंपनी काढतं का?"

"तू कंपनी काढ. मी मध काढतो." मग त्यांनी टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, "पण वाढवायच्याच, तर मिन्काच्या वाढवू."

मिन्काच्या म्हणजे सातव्या पेटीतल्या. आजी लग्न होऊन डोंगरापलीकडून आली तेव्हा गाडीवर तिच्या ट्रंकेशेजारी एक मधमाश्यांची पेटी होती. बाकीच्या अकरा आजोबांनी इकडून तिकडून मिळवलेल्या. सातवीतल्या आजीच्या. त्रेपन्न वर्षं त्याच वंशाच्या, आईमागून मुलगी, मुलीमागून तिची मुलगी. आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आजोबा तेव्हा रडताना मला दिसले नाहीत, पण ते रोज सकाळी सातव्या पेटीला कान लावून बसायचे.

प्रत्येक पेटीच्या दारावर एक चित्र होतं, तीही सगळी आजीचीच. एकावर आगीवर पाणी ओतणारा संत, एकावर कोल्ह्याची दाढी करणारा ससा. सातव्या दारावर एक बाई दारू प्यायलेल्या नवऱ्याला पाठीवरच्या टोपलीत घालून घरी नेतेय. नवऱ्याच्या मिशा हुबेहूब आजोबांच्या. लोक हसले की आजोबा म्हणायचे, "एकदाच झालं होतं हो ते. एकदाच! पण बाईने तैलरंगात काढून ठेवलं."

एप्रिलमध्ये सातवीची म्हातारी राणी वारली. आमच्याकडे जनावर मरतं, मधमाशी वारते. माश्यांनी नव्या राण्या वाढवायला घेतल्या होत्या, शेंगदाण्याच्या टरफलासारखी त्यांची घरं पोळ्याला लोंबत होती. आजोबांनी त्यातली चार हलक्या हाताने कापून सातवीतल्याच थोड्या थोड्या माश्यांबरोबर चार नव्या पेट्यांत एकेक बसवली आणि पाचवं सातवीत राहू दिलं. दुसऱ्या दिवशी ते खुब्याच्या ऑपरेशनला जाणार होते.

"आता मिन्काचं सगळं या पाचजणींवर," ते म्हणाले. "जन्मल्या की आठवड्याभराने, चांगलं ऊन बघून, एकदा बाहेर उडतील. नर भेटतील, परत येतील. मग जन्मभर अंडी घालत घरात. तोवर पेट्या उघडायच्या नाहीत."

"नाही उघडणार."

"शपथ?"

"आजोबा, मी आता वर्गात बोलणारी मुलगी आहे."

"म्हणूनच विचारतोय." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "आणि नव्या पेट्यांची दारं कोरी आहेत, तेवढी रंगव. ब्रश मिन्काच्या डब्यात आहेत."

मी एकही पेटी उघडली नाही. हे मी कुणालाही सांगू शकते. मी फक्त दारं रंगवली.

चार नव्हे, सोळा. आजीच्या चित्रांचे पोपडे निघत होते. मी आधी प्रत्येकाचे छान फोटो काढले, कारण चित्रं बाटल्यांवर जाणार होती. मग एका थंड, ढगाळ सकाळी, माश्या बाहेर पडायच्या आत, मी दारं पिवळी करायला घेतली. टोपलीतल्या नवऱ्याशी जरा थांबले. म्हटलं, आजी, तू बाटलीवर जाणार आहेस, दूर दूरच्या स्वयंपाकघरांत जाणार आहेस. आणि त्याच्या मिशांवरून ब्रश फिरवला.

झाल्यावर रस्त्यापर्यंत मागे जाऊन बघितलं. सोळा पिवळ्या चौकटी चार ओळींत, एकदम शिस्तीत. मला नाचावंसं वाटलं. खरं म्हणजे मी नाचलेच. शेजारचे गाश्पर काका कुंपणावरून म्हणाले, "बँक उघडलीस का गं?" मी म्हटलं, "बघत राहा, काका!"

आजोबांचा फोन आला. "दारं रंगवलीस?"

"रंगवली! येऊन बघाच."

"शाब्बास."

आठवड्याभराने ऊन पडलं. दारांसमोर इतकी गर्दी की बास. माश्या हवेत तरंगत, आत जात, बाहेर येत, पुन्हा तरंगत. एका दाराच्या उंबऱ्यावर त्यांचा अक्रोडाएवढा गोळा झाला होता, एकमेकींना घट्ट बिलगून थरथरत होता, आणि मधोमध एक लांबडी, सडपातळ माशी दिसत होती. मला वाटलं, केवढा उत्साह! मी फोनवर चित्रीकरण केलं, खाली लिहिलं, 'आमची टीम!' आणि शाळेच्या गटावर टाकलं. पोलोना बाईंनी कळवलं, हे स्पर्धेत सुरुवातीलाच दाखव.

रविवारी आजोबांना भेटायला गेले. चालण्याच्या व्यायामासाठी त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका इस्पितळात हलवलं होतं. मी अक्रोड भरलेला गोड रोल नेला होता. ते खिडकीशी बसले होते, पांढऱ्या झग्यात, टोपीशिवाय, एकदम लहान दिसत होते.

"काय म्हणते कंपनी?"

"बघाच आता." मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बघितलं. हसू येता येता थांबलं.

"परत लाव."

मी परत लावलं.

"हे सगळं पिवळं?"

"सगळं! सोळाच्या सोळा. बाई म्हणतात, एकच चेहरा हवा."

"हा गोळा कुठल्या दारावरचा आहे?"

"चौथ्या," मी म्हणाले. "की पाचव्या? थांबा हं." मी स्क्रीन मोठी करून बघितली. "आता सगळी सारखीच आहेत ना, मलाच ओळखू येत नाही."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ऐकू आलं.

आजोबांनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि वर हात ठेवला.

"चित्रं," मी म्हणाले. "चित्रं त्यांच्यासाठी होती?"

"माणसांसाठीही होती. पण आधी त्यांच्यासाठी." ते म्हणाले, "शेजारी शेजारी, वर-खाली इतकी दारं. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडते. जाताना मागे वळून बघते, आपलं दार कुठलं. परत येते आणि चुकीच्या घरात शिरली, तर तिथे आधीच एक राणी असते. मग तिथल्या माश्या तिला अशा घेरतात, गुदमरेपर्यंत."

मी ते चित्रीकरणात टिपलं होतं. वर 'आमची टीम' लिहून. एकशे चाळीस जणांनी बघितलं होतं.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हणाले. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण रडताना माणूस काहीही बोलतो.

"नाही सांगितलं," आजोबा म्हणाले. "मलाही कुणी सांगितलं नव्हतं. दारं वेगळी असतात, हे काय सांगायचं असतं? पण तू सदा माझ्याबरोबर मागच्या बाजूला उभी राहिलीस. समोर जाऊन, माशीच्या जागेवरून, मी तुला कधी दाखवलंच नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रोल तसाच राहिला.

मी घरी धावले. गाश्पर काकांना हाका मारून आणलं. ते कुरकुरत आले, "काय गं कंपनीवाली, आता काय जाळलंस?" पण आत येऊन त्यांनी पहिल्या नव्या पेटीला कान लावला आणि त्यांचा आवाजच बदलला. "राणी नाही हिला. ऐक."

मी कान लावला. नेहमीची गुणगुण नव्हती. लांब, वर-खाली होणारा, न संपणारा आवाज. बंद खोलीत पुष्कळ बायका तोंडावर हात धरून रडत असाव्यात तसा.

पाचही पेट्यांतून तोच आवाज. काकांनी पोळ्याची एकेक चौकट उन्हाकडे धरून शोधली. एकही अंडं नाही.

"दुसरी राणी नाही का वाढवता येणार त्यांना?"

"अंडं लागतं त्याला, ताजं अंडं. म्हातारीने शेवटची घातली ती एप्रिलात. त्यांच्या केव्हाच माश्या झाल्या." त्यांनी चौकट हळू परत सरकवली. "या आहेत त्या शेवटच्या, पोरी. महिनाभर जगतील."

सातवी त्यांनी सगळ्यात शेवटी उघडली. तिथेही राणी नव्हती. पाचजणींपैकी एकीलाही घर सापडलं नव्हतं.

आम्ही पाच पेट्यांतल्या माश्या बाकीच्यांत मिसळल्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून. तो कुरतडता कुरतडता त्यांना एकमेकींच्या वासाची सवय होते. आजीच्या माश्या दुसऱ्यांच्या घरांत गेल्या, आणि महिन्याभरात एकेक करून संपल्या.

स्पर्धेतून नाव काढायला मी पोलोना बाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अपयशाचीही गोष्ट असते, ब्रिना. परीक्षकांना ती आवडते." त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच मदत करायची होती.

ल्युब्लियानाच्या एका मोठ्या सभागृहात माझ्यामागे पडद्यावर सोळा पिवळी दारं होती. फोटो फारच सुंदर आला होता. एका परीक्षकाने विचारलं, "वाढ किती झाली?"

"बाराच्या सोळा केल्या होत्या," मी म्हणाले. "आता अकरा आहेत."

हशा पिकला. मग मी का ते सांगितलं. हशा थांबला.

"आणि यातून काय शिकलीस?"

मी एक छान वाक्य तयार ठेवलं होतं, गिऱ्हाइकाबद्दल आणि वाढीच्या वेगाबद्दल. ते आठवत होतं, पण बोलवेना. मी म्हणाले, "मी सगळ्यांना विचारलं. बाईंना, वर्गाला, रंगाच्या दुकानदाराला. ज्यांचं दार होतं त्यांच्या बाजूला जाऊन एकदाही उभी राहिले नाही."

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या. मला तिसरं बक्षीस मिळालं. काचेची एक टोकदार वस्तू, वर माझं नाव. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते, आणि टाळ्या आठवल्या तशी ती पिशवीच्या तळाशी कोंबली.

जुलैत आजोबा काठी टेकत अंगणात आले. रस्त्याच्या बाजूने दारांसमोर जाऊन उभे राहिले. मी शेजारी. पहिल्यांदाच आम्ही दोघं त्या बाजूला उभे होतो.

"फोटो आहेत ना तुझ्याकडे?"

"सगळे आहेत."

"मग आण डबा."

मी रोज एक दार करते. पिवळा रंग खरवडते, त्याबरोबर आजीचाही निघतो, मग फोटो बघून नव्याने काढते. मला चित्रकला येत नाही. ससा गाढवासारखा झाला. आजोबा खुर्चीत बसून म्हणतात, "कोल्हा घाबरलाय बघ, दाढी करणारा गाढव आहे म्हणून." मी हसते, आणि हसल्याचं मला वाईट वाटतं. खाली निळा, वर पांढरा, शेजारी तपकिरी, असं ते सांगतात. प्रत्येक दार झालं की मी रस्त्यापर्यंत मागे जाते, मग वाकून, डोळे बारीक करून, उडत आल्यासारखी पुढे येते. सापडतं का ते बघते.

काल सहावं झालं. आज सकाळी मी फोनवर सातवीचा जुना फोटो उघडला, टोपली, मिशा, आणि खरवडणी दाराला लावली.

"ते राहू दे," आजोबा म्हणाले.

"हेच तर सगळ्यात आधी करायचं होतं मला. मिशा नीट काढीन, आजोबा. शपथ."

"माहीत आहे. चांगल्याच काढशील." ते दाराकडे बघत होते. "पण तिथे आता कुणाला परत यायचंय?"

मी खरवडणी खाली ठेवली. इतक्यात एक माशी आली, पायांना पिवळे परागकण लागलेले. सातव्या दाराशी जरा तरंगली, आत शिरली. आम्ही दोघंही बघत राहिलो. ती लगेच बाहेर आली, आणि शेजारच्या आठव्यात गेली.

मी आठव्याचा फोटो उघडला.