कोंडवाड्याचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप हाय. लोखंडी, बचकंत मावंना असं. आष्ट्याच्या बाजारात मला घेतलं आन आमच्या वाडीच्या कोंडवाड्याला, गजाच्या दाराला लटकवलं. मोकाट जनावर कुणाच्या रानात शिरलं की ते हितं कोंडायचं, मालकानं येऊन सोडवून न्यायचं, असा कोंडवाडा.

माझी किल्ली कोंडीबाच्या ओसरीत खिळ्याला असायची. कोण बी बाई जाऊन म्हणायची, "आवं भावजी, म्हस सोडा की." कोंडीबा शिव्या देत यायचा, पर जेवणावरनं उठून यायचा. वीस वर्सं त्यानंच मला तेल दिलं. तवा मला लय मान हुता.

मग दोन वर्सामागं आमची वाडी, वड्यापल्याडची वाडी आन खालचं थोरलं गाव, तिन्ही मिळून एकच ग्रामपंचायत झाली. पेढं वाटलं. दुसऱ्या दिशी शिपाई पप्पू आला आन माझी किल्ली थोरल्या गावच्या हापिसात घेऊन गेला. कुणी चढून आत जाऊ नये म्हणून कोंडवाड्याच्या भिंतीवर काचा बसवल्या. तेल मातर कुणी दिलं न्हाई. मी गंजलो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी शालूबाईची म्हस उसात शिरली. पप्पूनं तिला आत घातली, मला दाबून बंद केलं. म्हशीचं दिवस भरलं हुतं, हे त्यानं बघितलंच न्हाई. दुपारी तिला कळा लागल्या. रेडकू आडवं आलं.

शालूबाई पळत आली. म्हातारी, एकटी, आन त्या म्हशीवर तिचं सगळं घर. पप्पूनं क्लार्क अमृतला फोन लावला, तर त्यो फलटणला लग्नात, किल्ली त्याच्या खिशात. सांजच्याला येतो म्हणाला.

कोंडीबा आला. आडलेली जनावरं मोकळी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी न्हवता. कोपरापातुर तेल लावूनच आला. म्हणाला, पाच मिंटाचं काम हाय. त्यानं दगूड उचलला.

पप्पू हळूच बोलला, "तात्या, आता ते तीन गावचं कुलूप हाय. फोडलंसा तर केस. शिवतेजची भरती पुढल्या म्हैन्यात न्हवं?"

शिवतेज कोंडीबाचा ल्योक. मिल्ट्रीसाठी दोन वर्सं पहाटं पळतोय. कोंडीबानं दगूड खाली ठेवला.

त्यो शालूबाईनं उचलला. मारला. माझ्या पोटावर बसला. परत मारला, सटाकला, तिचंच बोट फुटलं. पप्पूनं मोबाईल काढून शुटिंग चालू केलं, उद्या आपल्यावर नको म्हणून. आत म्हस वराडत हुती.

"कोंडीबा," ती म्हणाली, "कुटं मारू, त्येवढं तरी सांग की रं."

कोंडीबाला ठावं हुतं. मला बी ठावं हुतं. त्यानं मोबाईलकडं बघितलं आन मान खाली घातली. शालूबाईनं दगूड टाकला, गजातनं हात घालून म्हशीच्या कपाळावर ठेवला, आन वराडणं थांबंस्तवर ठेवला.

सांजच्याला अमृत आला. किल्ली फिरली, मी गुमान उघडलो. आत दोन जीव गार पडलं हुतं.

आता पप्पू दर सोमवारी मला तेल देतो. साळंत तुमाला शिकवत्यात, जुन्या वस्तू जपा. मित्रांनो, मला जपू नका. आत जीव आडला आसंल तर कडी जिथं पोटात जाती, त्या डाव्या बगलंत दगूड घाला. एक ठोका लय झाला.