माझा दगड छपरावर आहे

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, जकातनाक्यावरचा. अंग सागाचे, त्यावर लाल-पांढरे पट्टे आणि बुडाशी बांधलेला एक जडशीळ दगड. त्या दगडाच्या वजनामुळे मी एका बोटाने वर जात असे. मालाचा ट्रक आला की मी आडवा, जकात भरली की उभा. नाकेदाराच्या सख्ख्या मेव्हण्यालाही सूट नव्हती. त्याच जकातीवर आमच्या प्रांताचे दिवे लागत, नळ वाहत आणि नाक्यामागच्या दवाखान्यात औषधे येत.

मग राजधानीने कळवले, "कर यापुढे आम्ही गोळा करू. तुमचा वाटा तुम्हाला घरपोच मिळेल." मला कायमचे उभे करण्यात आले. वर्गात परवानगीसाठी हात वर करून ताटकळणारा मुलगा पाहिलाय ना? तसा.

वाटा उशिरा येई, आणि सोबत अटी घेऊन येई. यंदा स्वागतकमानीसाठी पैसे आले, दवाखान्याच्या छपरासाठी नाहीत. एका दुपारी वाऱ्याने वॉर्डाचा पत्रा उचकटला. तिथली नर्स, म्हणजे नाकेदाराचीच बायको, तरातरा आली.

"अहो, तुमच्या दांड्याचा दगड द्या."

"सरकारी आहे तो!"

"पेशंट काय माझ्या माहेरचे आहेत?"

दगड पत्र्यावर गेला. मी धाडकन आडवा.

दुसऱ्याच दिवशी कमानीच्या उद्घाटनाला राजधानीचे साहेब आले. गाडी माझ्यापुढे थांबली.

"उचला हे!"

"वजनाचा दगड नाही साहेब. वॉर्डाच्या छपरावर आहे," नाकेदार म्हणाला.

"मग उतरवा."

"उतरवतो की. पत्रा धरायला तुम्ही वर बसता?"

साहेबांनी घाम पुसला. "हे बघा, छपरासाठी तरतूद नाही. दांड्याच्या दुरुस्तीला मात्र लगेच देतो."

"देतो?" नर्सबाई मागून कडाडल्या. "पैसे आमचे, आणि 'देतो' तुमचं? जकात इथं जमायची तेव्हा छप्पर शाबूत होतं."

शेवटी साहेब माझ्याखालून वाकून गेले. राजधानी आमच्यापुढे वाकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुरुस्तीचा हुकूम आला. नाकेदाराने तो उलट टपाली परत पाठवला. आता पेशंटची गाडी आली की नवराबायको मला खांद्यावर घेऊन वर करतात. साहेबांची गाडी आली की दोघांचेही खांदे दुखतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगून मी एरवी तुमचा निरोप घेतला असता. पण मला रंग नको, तेल नको, नवा दगडही नको. आधी छप्पर. तोवर मी आडवाच राहणार. ज्याला जायचे असेल त्याने वाकावे.