गारवा महाराजांच्या दोन घागरी

महागावच्या बाहेर जिनिंगच्या रिकाम्या शेडसमोर दर गुरुवारी एवढ्या गाड्या उभ्या राहत, की कापसाच्या हंगामातही तिथं कधी तेवढ्या दिसल्या नव्हत्या. रांगेतल्या प्रत्येकाचा हात छातीवर आणि चेहरा पडलेला. परक्याला वाटावं, गावात कुणी थोर माणूस गेला. तसं काही नव्हतं. सगळ्यांना ॲसिडिटी होती.

आमच्याकडे ती व्हायचीच. उठल्याबरोबर उपाशीपोटी कडक चहा, मग सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा, दुपारी तर्रीदार भाजी, तिच्यावर पुन्हा खर्रा. डॉक्टर म्हणायचे, खर्रा सोडा. गारवा महाराज म्हणायचे, "खर्रा खा, फक्त थुंकताना माहं नाव घ्या." गर्दी कुणाकडे होणार, हे सांगायला पंचांग लागत नाही.

महाराजांपुढे दोन घागरी असत. तांब्याच्या घागरीतलं नितळ पाणी काचेच्या ग्लासात ओतायचं, आजाऱ्यानं नळीनं त्यात फुंकायचं. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं होई. "हे पाहा, पित्त," महाराज गहिवरून म्हणत. "तुह्या आजापासूनचं साचलं होतं. आता निघून राह्यलं." मग एका पुडीचं चूर्ण पाण्यात फसफसवून पाजायचं. आजारी माणूस शेड दणाणून टाकणारा ढेकर देई, आणि तो ऐकून मागची रांग हात जोडी. ते चूर्ण म्हणजे भज्यांत घालतो तो खायचा सोडा.

उपचार पूर्ण झाला, की शेवटचा ग्लास स्टीलच्या घागरीतून मिळे. त्यात कितीही फुंका, पाणी नितळच. पित्त संपलं.

गेल्या वर्षी विमलताई या रांगेत होत्या. शेताचा चढ चढताना त्यांची छाती जळायची, दरदरून घाम यायचा. महाराजांनी ग्लास पांढरा करून दाखवला. उपचार अर्ध्यावर असताना एका सकाळी त्या अंगणातच कोसळल्या. तेरवीला महाराज स्वतः आले. पुंडलिकरावांना, म्हणजे विमलताईंच्या यजमानांना, त्यांनी हळूच विचारलं, "रोडग्याच्या पंगतीत वांग्याची भाजी खाल्लती काय तिनं?"

खाल्ली होती. पुंडलिकरावांनीच वाढली होती, आग्रह करून.

"मंग काय," महाराज म्हणाले. "पथ्य मोडलं."

त्या दिवसापासून पुंडलिकरावांना मान वर करून बोलताना कुणी पाहिलं नाही. वावरातली वांगी त्यांनी मुळासकट उपटली. आणि यंदा चढावर त्यांचीही छाती जळू लागली, तेव्हा ते मुकाट याच रांगेत येऊन उभे राहिले.

त्यांची मुलगी सुमेधा झरी जामणीकडे शाळेत विज्ञान शिकवते. वडिलांच्या पहिल्या ग्लासाचा व्हिडिओ तिला फोनवर आला, तशी ती रजा टाकून गुरुवारी शेडमध्ये हजर झाली.

"बाबा, दवाखान्यात चला."

"मले पित्त आहे पोरी. तुह्या मायलेही तेच होतं. मी नाही पथ्य मोडणार."

सुमेधा चिडली की फार गोड बोलते. तिच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे, महागावला नव्हतं. तिनं महाराजांना हार घातला आणि माईक हातात घेतला.

"महाराज फक्त गाईच्या दुधावर राह्यते. त्यायच्या पोटात पित्ताचा थेंब नाही. असं निर्मळ पोट आपल्याले कधी पाहाले भेटणार? महाराज, एक फुंकर आमच्यासाठी."

शेड जयजयकारानं हलली. महाराज प्रसन्न हसले आणि स्टीलच्या घागरीकडे वळले. पण सुमेधानं तांब्याच्या घागरीतून ग्लास भरलासुद्धा.

"आजाऱ्यायच्याच पाण्यात फुंका, म्हणजे फरक दिसन."

महाराजांनी नळी तोंडात धरली आणि डोळे मिटले. नुसतेच मिटले.

"बुडबुडे नाही दिसून राह्यले, महाराज," मागून रांगेतले एक भक्त, वामनराव म्हणाले. त्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांना दर्शन हवं होतं.

महाराजांना फुंकावं लागलं. पाणी पांढरं झालं. आजवरच्या सगळ्या ग्लासांपेक्षा पांढरं.

मग सुमेधानं रांगेच्या शेपटाकडचा एक नवा आजारी बोलावला आणि त्याला स्टीलच्या घागरीतलं पाणी दिलं. त्यानं लाल होईस्तोवर फुंकलं. पाणी नितळ.

"एका फुंकरीत याचा उपचार पुरा झाला. ही नळाच्या पाण्याची घागर आहे. अन् ती चुन्याच्या निवळीची." तिनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली. "हा चुना तुमच्या खिशातला, खर्र्यातला. पाण्यात कालवला, बसू देला, वरचं पाणी घेतलं. आपला श्वास लागला की ते पांढरं होते. माहा, तुमचा, तान्ह्या लेकराचाही. पित्ताचा काही संबंध नाही."

तिनं फुंकलं. पांढरं.

"ही करणी आहे," महाराज पुटपुटले.

"हो, तुमची." तिनं माईक त्यांच्या तोंडापाशी धरला. "आता सांगा. माही माय वांग्यानं मेली काय?"

महाराज माईक बाजूला सारून घागरींच्या आड सरकले.

पुंडलिकराव रांगेतून पुढे आले. "सुमे, मंग तिले म्या नाही मारलं?"

"नाही बाबा. तिचं हृदयाचं दुखणं होतं. वेळेवर दवाखान्यात न्याले पाह्यजे होतं."

"मंग नेऊ कोणं नाही देलं?"

सगळी शेड व्यासपीठाकडे सरकू लागली. सुमेधानं आधीच कळवलेले पोलीस आले ते महाराजांना पकडायला, पण ते सोडवायला आल्यासारखे महाराज त्यांना बिलगले.

जीपमध्ये महाराजांची छाती जळू लागली. "डॉक्टरले बोलवा, लवकर," ते ओरडले. आपल्या घागरीचं पाणी त्यांनी मागितलं नाही. दवाखान्यात त्यांची खाट नेमकी, सुमेधानं शेडमधून तडक तिथं आणलेल्या पुंडलिकरावांच्या शेजारी आली. महाराजांच्या हृदयाचा आलेख ठणठणीत निघाला. आदल्या दिवशीचं मटण नडलं होतं. पुंडलिकरावांचा आलेख वाईट होता, त्यांना लगेच नागपूरला हलवलं. निघण्याआधी सुमेधानं महाराजांच्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवला. त्यात एक नळी. महाराजांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा वाचकहो, साधं पित्त असेल तर वेळेवर जेवा, तिखट-तेल आवरा, जेवल्याबरोबर आडवे होऊ नका, उपाशी चहा आणि खर्रा सोडा. धने-जिऱ्याचं पाणी, पातळ ताक, चिमूटभर बडीशेप घेऊन बघा. कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. हे सांगायला महाराज लागत नाहीत, आजी पुरते. पण चालताना छाती जळली, घाम फुटला, हात जड झाला, तर आजी नको, महाराज नको, हा लेखही नको. गाडी काढा.

विमलताईंच्या वर्षश्राद्धाला नागपूरहून परतलेले पुंडलिकराव स्वतः वाढायला उभे राहिले. बायकोच्या नावानं मांडलेल्या पानात त्यांनी आधी वांग्याची भाजी वाढली. मग मान वर करून पंगतीला विचारलं, "अजून कोणाले?"