सगळ्यांनी लिहायची जागा

खोक्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंवर एका प्रश्नाचा सोक्षमोक्ष लावायची वेळ आली होती. आतल्या कामकाजाची साइट कुठल्या प्रकारची ठेवायची? टीम साइट, म्हणजे कुणीही यावं आणि लिहून जावं. की कम्युनिकेशन साइट, म्हणजे दोघातिघांनी लिहावं आणि बाकीच्यांनी निमूटपणे वाचावं? मॅनेजरांचं मत ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर बाईंचंही. अडचण होती ती काकांची.

काका म्हणजे बाईंच्या वडिलांचे धाकटे भाऊ. कटिंग मशीनवर त्यांची हयात गेली आणि त्याच मशीनच्या धडधडीत कानही गेले. हे ठाऊक होतं फक्त काकूला आणि बाईंना. कारखान्यात कळलं तर काकांना मशीनवरून उठवून गोदामात बसवतील, म्हणून दोघी मूग गिळून होत्या. मीटिंगमध्ये काका बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत मान डोलवायचे. कारखान्याच्या लेखी ते अबोल गृहस्थ होते.

तोवरच्या टीम साइटवर मात्र त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. चहा पांचट असल्याची तक्रार, पॅकिंगच्या फोरमनच्या मिशांवर टोमणे, त्यावर फोरमनची उत्तरं, त्या उत्तरांवर पुन्हा काकांची. चारचौघांत बसून गप्पा माराव्यात तसे ते तिथे बोलत. कामाचं कमी आणि पाल्हाळ फार, हे बाईंनाही मान्य होतं.

मग एकदा ‘मागचं गेट उद्या बंद, ट्रक पुढच्या गेटने आणा’ या नोटिशीत काका विनोद घालायला गेले आणि लिहिता लिहिता नोटीसच पुसून बसले. कागदाचा ट्रक अर्धा दिवस कुलपासमोर उभा राहिला. मॅनेजर तणतणत बाईंच्या टेबलाशी आले.

“हा काय पोरखेळ चाललाय? ज्याला गप्पा मारायच्यात त्याने घरी माराव्यात. इथे लिहायचं ते ऑफिसने. आणि खाली कॉमेंटसुद्धा नकोत.”

चूक काकांची होती आणि मॅनेजरांचं म्हणणं रास्त होतं. काकांचं काय होणार हे बाईंना दिसत होतं, वाईटही वाटत होतं. पण साइट काही एका माणसासाठी चालवायची नसते. त्यांनी कम्युनिकेशन साइट सुरू केली. मनाला टोचणी नको म्हणून सुरक्षेच्या सूचना लिहायचं काम तेवढं काकांकडे दिलं. जुने जाणते आहेत, असं म्हटल्यावर मॅनेजरांनी कुरकुरत होकार दिला.

काका हुरळून गेले. रोज एक सूचना येऊ लागली. ओल्या फरशीवर जपून चाला. हातमोजे घाला. हळूहळू सूचनांना शेपट्या फुटल्या: हातमोजे घाला, आणि फोरमनसाहेब, मिशांनाही घाला. लोक वाचून हसले. फोरमनने शेडमध्ये मोठ्याने काहीतरी सणसणीत उत्तरही दिलं. काकांनी मान डोलवली.

काही दिवसांनी काका बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“माझ्या लिहिण्यावर कुणी काही म्हणतं का गं?”

“सगळे वाचतात, काका. हसतात.”

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. “ते मला कसं कळायचं?”

काकांनी खुर्ची ओढली. “आमच्या शेडपुरती एक साइट काढ ना, पहिल्यासारखी. सगळ्यांनी लिहायची. तुझ्या नोटिशी राहू देत तुझ्यापाशी.”

“मॅनेजर कारण विचारतील.”

“मग सांग की.”

“काय सांगू?” बाईंनी आवाज चढवला नाही, नुसते शब्द सुटे केले. “तुम्हाला मशीनवरून उठवतील, काका.”

“उठवू देत. मशीन थोडंच माझ्याशी गप्पा मारतं!”

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी मॅनेजरांना मेल लिहायला घेतला. शेडसाठी वेगळी टीम साइट हवी आहे. कटिंग मशीनवरच्या माझ्या काकांना नीट ऐकू येत नाही, म्हणून. काका चष्मा सावरत स्क्रीनवर वाकले, शेवटपर्यंत वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“यातलं ‘नीट’ काढ,” ते म्हणाले.