उताऱ्यातली मुलगी आनंदी का झाली?

उतारा न वाचता त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं कशी लिहायची, ही विद्या त्या शाळेत सातवीला मिळत असे. ती शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे उताराबाई म्हणत. बाईंची रीत सोपी होती. आधी प्रश्न बघा, प्रश्नातला ठळक शब्द धरा, तो शब्द उताऱ्यात शोधा, आणि सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तराच्या जागी ठेवा. बाकीच्या ओळींशी आपल्याला काय देणंघेणं? “वाचत बसाल तर बसूनच राहाल,” असं बाई बजावायच्या आणि वर्ग माना डोलवायचा.

शेवटच्या प्रश्नाची रीत मात्र वेगळी. तो हमखास बोधाचा असे आणि त्याचं उत्तर उताऱ्यात नसे. तिथे त्याग, कष्ट किंवा प्रामाणिकपणा यांतला शोभेल तो शब्द घालायचा. मुंगी असेल तर कष्ट, रस्त्यात सापडलेलं पाकीट असेल तर प्रामाणिकपणा, आणि आई किंवा मोठी बहीण असेल तर डोळे मिटून त्याग. वर्षानुवर्षं मुलं अशी पास होत होती आणि शाळेच्या निकालाला कोणी नाव ठेवत नव्हतं.

या विद्येत सगळ्यांत तरबेज एक मुलगी होती. उतारा कोणताही असो, तिला वीसपैकी वीस. म्हणून तिच्या मामाने तिचं नाव पैकीबाई ठेवलं होतं आणि ती ते नाक वर करून मिरवायची. तिची आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात काउंटर सांभाळायची. गिऱ्हाइकाच्या कोटाला नंबराची चिठ्ठी टाचता टाचता ती मुलीचे मार्क सांगायची, त्याने विचारलेले नसले तरी. आईचं एकच म्हणणं होतं, पोरगी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत गेली पाहिजे. या शाळेत सातवीनंतर वर्गच नव्हते. मोठ्या शाळेत पुढचे सगळे वर्ग होते, प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तर उताराबाईंच्या यादीत नाव लागायचं. दुसरी वाट नव्हती.

मामा आईचा धाकटा भाऊ. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरचा मजकूर तपासायची त्याची नोकरी. दोन चमच्यांचे दहा चमचे छापले गेले तर एखादा माणूस जायचा, म्हणून तो दिवसभर अक्षर न् अक्षर वाचत असे. भाचीचं वीसपैकी वीस त्याला कधीचं खटकत होतं. एका रविवारी त्याने तिच्यापुढे कागद सरकवला. त्यावर त्याने स्वतः उतारा रचला होता:

‘काल टिंबोळीने झिपाटात तीन फुरके भुसटले. फुरके फारच चिंगट निघाले. त्यामुळे टिंबोळीचा खोपळा उडाला.’

खाली प्रश्न. टिंबोळीने काय भुसटले? कुठे भुसटले? फुरके कसे निघाले? आणि शेवटचा, टिंबोळीकडून आपण काय शिकतो?

पैकीबाईने चहा गार व्हायच्या आत सगळी उत्तरं लिहून टाकली. शेवटच्याला ‘कष्टाचे महत्त्व’ असं लिहिलं.

“शाबास! पैकीच्या पैकी,” मामा म्हणाला. “आता मला सांग, फुरका म्हणजे काय?”

तिने कागद परत ओढला आणि ओळींवरून बोट फिरवलं.

“बरं, ते राहू दे. टिंबोळी माणूस आहे, मांजर आहे, की टोपली?”

मामा पोट धरून हसायला लागला. आईसुद्धा हसली. पैकीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली आणि नळ सोडून रडली. मामाचा राग आला होता, पण त्याहून मोठा राग स्वतःचा आला होता. एवढे सगळे उतारे तिच्या हाताखालून गेले आणि त्यांतला एकही तिच्या डोक्यातून गेला नव्हता. आपण हुशार नाही, नुसत्या चलाख आहोत, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं फार वाईट होतं.

पण पोरगी हट्टी. दुसऱ्या दिवसापासून तिने सरावाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. प्रश्न झाकायचे आणि उतारा वाचायचा. तेव्हा तिला कळलं की कष्टाळू मुंगी शेवटी साखरेच्या पाकात बुडून मरते. वर्गात हे कोणालाही माहीत नव्हतं. पाकीट परत करणाऱ्याला पाकिटाचा मालक चोर ठरवतो, हेही कोणाच्या गावी नव्हतं. ती आता उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहू लागली. बाई आपल्या कागदावरचं आदर्श उत्तर आणि तिचं उत्तर शेजारी शेजारी धरायच्या, जुळत नाही म्हणून मार्क कापायच्या. विसाचे सतरा झाले, मग पंधरा. दुकानात आई मार्कांचा विषय काढेनाशी झाली.

“कशाला तिच्या डोक्यात भरवलंस?” आईने मामाला झापलं. “चाललं होतं ना सुरळीत!”

“ताई, तेव्हा ती वाचत नव्हती.”

“मार्क तर पडत होते!”

मग शेवटची चाचणी आली. हिच्यावरून यादी ठरायची. उतारा होता:

‘एका घरात मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा होता. दोघेही शाळेत जात. एके वर्षी वडील म्हणाले, “यंदापासून एकालाच पाठवता येईल.” मुलगी म्हणाली, “त्याला पाठवा.” वडिलांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती हसली. वडिलांना समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी मुलीने भावाचे दप्तर भरून दिले. तो वळणापलीकडे गेला. मुलगी बराच वेळ दाराआड उभी राहिली. मग तिने घर झाडले.’

शेवटचा प्रश्न: मुलगी आनंदी का झाली?

मोठी बहीण, म्हणजे त्याग. वर्गभर पेनं खाली ठेवल्याचे आवाज झाले. पैकीबाईने उतारा पुन्हा वाचला. ‘आनंदी’ हा शब्द तिला कुठे दिसेना. समाधान वाटलं होतं ते वडिलांना. काय लिहिलं की मार्क मिळतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, हातालाही सवय होती. तरी तिने लिहिलं, ‘मुलगी आनंदी झाली असे उताऱ्यात नाही. वडील बघत होते म्हणून ती हसली. कोणी बघत नव्हते तेव्हा ती दाराआड उभी राहिली. आनंदी माणूस दाराआड जात नाही.’

बाईंनी त्यावर लाल भोपळा काढला आणि खाली लिहिलं, ‘दुरुस्ती.’

दुरुस्ती ही त्या शाळेची जुनी पद्धत. यादीच्या चाचणीत उत्तर चुकलं की आदर्श उत्तर तीनदा लिहून आणायचं, खाली पालकांची सही घ्यायची, मग बाई मार्क भरून देत. चूक कबूल केली की सगळं माफ. ‘भावासाठी त्याग केल्यामुळे मुलगी आनंदी झाली.’ बाईंनी पेपरावर दिलेलं एवढंच उत्तर तीनदा लिहायचं होतं. ते लिहिलं तर यादीत नाव कायम राहणार. सोमवारपर्यंत दुरुस्ती आली नाही, तर नाव कटणार.

“मी नाही लिहिणार,” पैकीबाईने घरी आल्या आल्या सांगून टाकलं.

आई दुकानातून दमून आली होती. पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. “तीन ओळी लिहून हात झिजतात का तुझे?”

“चूक झाली असती तर तीनशे लिहिल्या असत्या.”

मामाने पेपर घेतला. प्रश्न वाचला, बाईंचं उत्तर वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला. “अरे, ही तर आपली ताई! तू सातवीतच सोडलीस ना गं शाळा? माझ्यासाठी. मी अजून सगळ्यांना सांगतो, ताई अगदी हसत हसत घरी राहिली. किती खूश होती!” मग भाचीकडे वळून तो म्हणाला, “लिही, पैकीबाई. या खेपेला बाईंचं बरोबर आहे.”

जगभरच्या बाटल्या वाचणारा माणूस, आणि उतारा मात्र त्याने वाचलाच नव्हता.

पैकीबाई आईकडे बघत होती. “आई, तू खूश होतीस?”

“तेव्हा कोणी असं विचारत नसे,” आई म्हणाली. तिने चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. “आणि आता विचारून काय उपयोग? तुला त्या शाळेत जायचंय ना? मग लिही आणि मोकळी हो.”

पैकीबाईने लिहिलं नाही. आईने समजावलं, मग आवाज चढवला, मग अबोला धरला. पोरगी बधली नाही. तिला रडू येत होतं, मोठी शाळा डोळ्यांपुढून हलत नव्हती, पण पेन उचललं की ती दाराआडची मुलगी तिला दिसायची आणि हात अडायचा. सोमवारी सकाळीच बाईंनी आईला बोलावणं धाडलं.

शिक्षकांच्या खोलीत दोन कपाटं होती, एक लांब टेबल होतं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भूगोलाच्या बाई चहा पीत होत्या. उताराबाईंनी आईला खुर्ची दिली. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की पोरीचं भलं व्हावं.

“एवढीशी गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “हुशार मुलगी, उगाच हट्टाला पेटलीय. तुम्हीच सांगा तिला. इथे बसून लिहू दे, मी लगेच नाव पुढे पाठवते.”

आई घरून ठरवूनच आली होती. तिने पेन पोरीच्या हातात कोंबलं. “लिही.”

“तू उतारा वाच,” पैकीबाई म्हणाली. “सगळा वाच. मग तू लिही म्हणालीस तर लिहिते.”

आईने पेपर ओढला, हे सगळं लवकर आटपावं म्हणून. ती ओठ हलवत वाचायची. वडील म्हणाले, इथवर ती भराभर आली. ती हसली, इथे जरा थांबली. मग दप्तर भरून दिलं. तो वळणापलीकडे गेला. मग पुढचं वाक्य. त्या वाक्यावर आई एवढा वेळ राहिली की बाईंना वाटलं, अक्षर लागत नसेल.

“छान बोध आहे ना?” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्ही हा वाचलाय?”

“अहो, दरवर्षी हाच उतारा असतो.”

“असतो, ते कळलं. वाचलाय का?”

आईने पेपर टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

“मी हसले होते,” ती म्हणाली. “बाबा माझ्याकडे बघत होते, मग काय करणार होते मी? माझा भाऊ अजून सांगत फिरतो, ताई खूश होती. ते सगळे गेल्यावर मी कुठे होते, हे इतक्या वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही. या पोरीने विचारलं. आणि तिला तुम्ही भोपळा दिलात.”

“तुमच्या भावना मला कळतात, पण नियम म्हणजे नियम,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी त्यांनी यादीची वही उघडली. “दुरुस्ती नाही तर मला नाव खोडावं लागेल.”

“खोडा,” आई म्हणाली.

आईने पैकीबाईचा हात धरला, घट्ट, दुखेल इतका.

“खोडा. पण पलीकडे कारणाचा रकाना दिसतोय, तो मोकळा सोडायचा नाही. लिहा की मुलीने उतारा वाचला, म्हणून नाव काढलं. मी खाली सही करते. मोठ्या शाळेतल्या लोकांनाही वाचू दे.”

बाईंनी पेन टेकवलं. नावापाशी टेकवलं, मग रकान्यापाशी नेलं, मग पुन्हा नावापाशी आणलं. नाव खोडायचं तर कारण लिहायला हवं होतं, आणि ‘दुरुस्ती नाही’ असं लिहिलं तर कोणीतरी पेपर मागवून वाचला असता. भूगोलाच्या बाईंनी कप खाली ठेवला आणि पेपर आपल्याकडे ओढून त्या पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.

उताराबाईंनी पेनाचं टोपण लावलं. नाव होतं तसंच राहिलं.

“पण मग दुरुस्तीचं काय?” त्यांनी विचारलं, जवळजवळ स्वतःलाच.

“ती तुम्ही लिहा,” आई म्हणाली. “तीनदा.”

दोघी बाहेर आल्या. फाटकापाशी पैकीबाईने धीर करून विचारलं, “आई, तू किती वेळ उभी होतीस गं दाराआड?”

“आज सकाळपर्यंत,” आई म्हणाली, आणि दुकानाला उशीर झाला म्हणून भराभरा चालू लागली.