साक्षीदाराची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. "हिच्यावर बसलेल्याला उठावंसं वाटणार नाही," असं मला घडवणारा सुतार कौतुकाने म्हणाला होता. पण माझ्या नशिबी आली पोलीस ठाण्यातली चौकशीची खोली. मित्रांनो, इथे कुणीच निवांत बसत नाही.

एका सकाळी इस्त्रीवाल्या मावशी माझ्यावर बसल्या. त्या इतक्या कापत होत्या की माझे पाय फरशीवर वाजू लागले. आदल्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या औषध दुकानदाराला कुणीतरी गाडीत कोंबून पळवलं होतं.

"गाडी लाल होती ना?" फौजदाराने टेबलावर हात आपटला. "माणूस दाढीवाला?"

"हो... हो साहेब."

दुपारपर्यंत मावशींच्याच गल्लीतला दाढीवाला ड्रायव्हर कोठडीत होता. त्याची गाडी लाल होती, एवढंच. बाहेर त्याची बायको हंबरडा फोडत होती. ते ऐकून मावशी माझ्यावरून अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. दुकानदाराचा मात्र पत्ता नव्हता.

मग मोठ्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी फौजदाराला बाहेर पाठवलं आणि मावशींना पाणी दिलं.

"मावशी, तिथे तुम्ही होता, मी नव्हते. मी मध्ये बोलणार नाही. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. आठवत नसेल तर तसं म्हणा, अंदाज नको. हवं तर डोळे मिटा आणि मनाने तुमच्या इस्त्रीच्या दुकानात जा. कानावर काय येतंय? वास कसला येतोय?"

मावशींनी डोळे मिटले. बाई थांबून राहिल्या. मावशी आता उठून पळतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

"इस्त्री तापलीय... शेजारचं शटर खाली आलं... गाडीचं दार उघडलं आणि ओल्या रंगाचा भपकारा आला. टपावर शिडी होती." मावशींची नखं माझ्या हातात रुतली. "बाई, अंधारात गाडीचा रंग दिसलाच नाही हो! चेहराही नाही. साहेब म्हणाले, म्हणून भीतीने मी हो म्हटलं. त्या पोराला सोडा!"

ओला रंग आणि शिडी यांवरून पोलिसांनी रंगाऱ्यांची कामं शोधली, आणि रंगकाम चाललेल्या एका रिकाम्या इमारतीत दुकानदार सापडला. हातपाय बांधलेला, पण जिवंत. ड्रायव्हर सुटला. तरी गल्लीतली माणसं अजून त्याच्या गाडीत बसायला कचरतात.

आता माझा एक पाय खिळखिळा झालाय आणि मला कोपऱ्यात सारलंय. पण मित्रांनो, घाबरलेल्या माणसाच्या तोंडी आपलं उत्तर कोंबू नका. थांबा, ऐका. भ्यालेली मान कशालाही हलते, आणि तिकडे कुणा निरपराध माणसाच्या दारावर पोलिसांची थाप पडते.