राखणीची कुत्री

टिच्. स्पिरिटच्या दिव्यावरची काचेची नळी तडकली. पाळण्यात माझं बाळ दचकलं आणि पुन्हा निजलं. दुपारचं ते निजलं की स्वयंपाकघर माझी प्रयोगशाळा.

दुसऱ्या नळीत मेंढवाड्यावरून बाटलीत आलेली कमळीची लघवी उकळली. स्वच्छ! नऊ दिवस स्वच्छच. खरूज बरी झाल्यावर पंधरवड्यात तोंड सुजलेली अकरा लेकरं मी मानवतच्या दवाखान्यात पाहिली होती. सगळ्यांची लघवी उकळली की साकळायची. मूत्रपिंड बिघडल्याची खूण. एकट्या कमळीचीच साकळत नव्हती. म्हणून तिचं मीठ मी बंद केलं नव्हतं, आणि सूज रोज वाढत होती.

बाळाला काखोटीला मारून मी मेंढवाड्यावर गेले. कमळी आजीच्या मांडीवर पडली होती. डोळ्यांच्या नुसत्या फटी.

"केवळाबाई, बाटली कोण भरतं?"

म्हातारी लेकरू थोपटत राहिली.

"कोण भरतं, विचारतेय मी!"

"मीच भरायलेय. लेकराचं मूत काचंत कोंडून न्यायचं, अन् कुणी करणी केली मंजी? मी पिकलं पान. मला झाली तर होऊ द्या."

"नऊ दिवस! नऊ दिवस मी तुमची लघवी उकळतेय?"

"वरडू नका, बाई. चांगली हाय नव्हं माझी?"

हात उचलला गेला असता. कुणावर? बाटली समोर भरून घ्यायची अक्कल मलाही नव्हती.

कमळीला आडोशाला बसवलं. सकाळपासूनची पहिली लघवी, जेमतेम चुळकाभर, मांस धुतलेल्या पाण्यासारखी. त्यांच्याच चुलीवर नळी धरली. फाटल्या दुधासारखी साकळली. केवळाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

"आजपासून मीठ बंद. पाणी मी सांगेन तेवढंच. हिच्या बापाला, येडबाला बोलवा, पहिल्या गाडीनं परभणीला न्यायचं."

"माझी खरूज तर गेली की," कमळी म्हणाली. "मग काय झालंय मला?"

वहीत ज्या तर्कापुढं मी अजून प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, तोच तिला सांगितला. "तुझ्या अंगात राखणीची कुत्री असतात, बाळा. ती खरजेवर धावली, तिला हाकललं. पण थांबली नाहीत. आता घरच्याच मेंढीला चावायलीत."

तिनं वाड्याच्या दारातल्या कुत्र्याकडं पाहिलं.

"आमचं कुत्रं मेंढीला चावलं की बापू त्याला बांधून घालतो. माझ्यातली कोण बांधणार, बाई?"